मे महिन्यात पास, डिसेंबरात नापास : जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत पुन्हा पुन्हा का अडकते

आमची गाडी २००७ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१२ पासिंग. बीएस-३ (धुराच्या सरकारी मानकांची तिसरी पायरी) गाडीला पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं सर्टिफिकेट, सहाच महिन्यांचं मिळतं, म्हणजे वर्षातून दोनदा परीक्षा. सलग तीन हिवाळे ती नापास झाली आणि मधल्या दोन्ही उन्हाळ्यांत निमूटपणे पास झाली. दर हिवाळ्यात मी काहीतरी बदलायचो, मे महिन्यात पास झाली की स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो आणि डिसेंबरात पुन्हा पंपावरच्या पीयूसीवाल्याचं तेच वाक्य ऐकायचो, "साहेब, सीओ जास्त येतोय, ट्यूनिंग करून आणा." सीओ म्हणजे अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड.

मी मेकॅनिक नाही. भोसरीत मशिनांच्या मेंटेनन्सला अनेक वर्षं काढली, त्यामुळे बिघाड शोधायची सवय आहे एवढंच. आमच्या गाडीचं कोडं सुटल्यावर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या दहा-बारा गाड्यांना याच एका तक्रारीसाठी हात लावला. त्यातल्या बहुतेक गाड्यांचं काम हजार-बाराशेच्या आत झालं. दोन गाड्यांना मात्र गॅरेजच गाठावं लागलं. गाडीचा मेक इथे मुद्दाम सांगत नाही. दोष वयाचा आणि आधीच्या हातांचा होता, कंपनीचा नव्हे.

लक्षणं

पीयूसीला जाण्याआधी गाडी बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते :

- सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की मऊ काळी काजळी लागते. मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, पेट्रोलचा वास येतो. गाडी जास्त पेट्रोल पितेय, सीओ वाढलेला असणार.
- सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, मधेच एखादा ठोका चुकतो, म्हणजे "मिसिंग" मारते. पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) वाढलेला असणार.
- ॲव्हरेज हळूहळू घसरलंय आणि टेम्परेचरचा काटा पाव खुणेच्या वर जातच नाही. माझं लक्षण हेच होतं आणि तीन वर्षं मला ते चांगलं लक्षण वाटत होतं!
- उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की निळसर धूर येतो. ऑइल जळतंय.
- चेक इंजिनचा दिवा लागलेला आहे. किंवा किल्ली फिरवल्यावरसुद्धा तो क्षणभर लागत नाही, म्हणजे बल्ब गेलाय किंवा विकणाऱ्याने तो काढूनच ठेवलाय.

थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर निघणारी पांढरी वाफ यात धरू नका. ते पाणी असतं, दोन-चार मिनिटांत थांबतं.

पहिली तपासणी फुकट : स्लिप वाचा

नापास झालो की आपण स्लिप चुरगाळून डॅशबोर्डवर टाकतो आणि थेट गॅरेज गाठतो. तीच स्लिप हा तुमचा सगळ्यात स्वस्त रिपोर्ट आहे. त्यावर सीओ टक्क्यांत आणि एचसी पीपीएममध्ये असतो.

गाडीला योग्य मर्यादा लावली आहे का, हे आधी बघा. पुण्यात बीएस-२ एप्रिल २००३ पासून, बीएस-३ एप्रिल २००५ पासून आणि बीएस-४ एप्रिल २०१० पासून लागू झालं. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (गाडी जागेवर नुसती चालू असताना) सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस-४ ला हेच आकडे ०.३ आणि २०० आहेत. शिवाय अडीच हजार आरपीएमवर सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. बीएस-२ च्या आधीच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पर्यंत सूट आहे. माझ्या मेहुण्याची २००९ ची गाडी एकदा बीएस-४ च्या आकड्यांनी मोजली गेली आणि नापास ठरली. आरसी दाखवली, वर्ष दाखवलं, गाडी पास. खर्च शून्य.

मर्यादा बरोबर असेल तर कोणता आकडा चढलाय ते बघा, कारण पुढची दिशा त्यावरच ठरते. फक्त सीओ चढलाय तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतंय. फक्त एचसी चढलाय तर पेट्रोल ठीक असेल, पण कुठल्यातरी सिलिंडरमध्ये ते नीट पेट घेत नाहीये. दोन्ही चढलेत तर पेट्रोलही जास्त आहे आणि कॅटनेही (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) हात टेकलेत, अशी शक्यता धरा. माझ्या तीनही स्लिपांवर सीओ १.२ ते १.६ च्या दरम्यान होता आणि एचसी मर्यादेत. तरी पहिल्या हिवाळ्यात मी प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. ते काम एचसीचं. आकडे वाचले असते तर तेवढे पैसे वाचले असते.

दुसरीही फुकटच : इंजिन खरंच गरम आहे का?

पुण्यातल्या जुन्या गाड्यांचं आयुष्य म्हणजे घर ते मंडई, मंडई ते घर. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन कोमट होतं, पण सायलेन्सरमधला कॅट थंडच राहतो. साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस झाल्याशिवाय तो कामाला लागत नाही. त्यात पंपावर रांगेत दहा मिनिटं गाडी बंद करून उभे राहिलात तर होता तो तापही गेला.

मी आता पीयूसीच्या दिवशी आधी स्वारगेटवरून कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत चढून येतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जरा दमवायची, खाली उतरून थेट पीयूसी. कोथरूडकरांनी चांदणी चौकाकडून हायवेला एक फेरी मारावी. वीस-पंचवीस मिनिटं सलग गाडी चालली पाहिजे, नुसती पार्किंगमध्ये रेस करून ते काम होत नाही. टेस्टच्या वेळी एसी, हेडलाइट, पंखा बंद ठेवा. पाहिलेल्यांपैकी तीन गाड्या एवढ्यावरच पास झाल्या.

गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढून घ्यायची खोड आहे, आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याला निमंत्रणच. तेवढं संपवा, ताजं भरा, मग टेस्ट करा.

दोनशेपासून हजारापर्यंत

एअर फिल्टर. रस्त्यांची खोदाई बारमाही असल्यामुळे आपल्याकडे कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. फिल्टर काढा, उन्हाकडे धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर नवा टाका. कार्ब्युरेटरच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने सीओ सरळ वर जातो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा मोजून पेट्रोल कमी करतो, म्हणून तिथे फरक कमी पडतो. फिल्टर बदलल्यावर तुमचा सीओ १.५ वरून ०.४ वर येईल, अशी आशा इंजेक्शनच्या गाडीत धरू नका.

इंजिन ऑइल. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. त्याची वाफ ब्रीदर पाइपातून परत इंजिनमध्ये जाते आणि सीओ वाढवते. अशा गाडीचं ऑइल टेस्टनंतर नव्हे, टेस्टआधी बदलायचं.

प्लग. इंजिन गार असताना चारही काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीने मांडा. फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट प्लग म्हणजे ऑइल वर चढतंय. चारांतला एकच वेगळा दिसला तर बिघाड त्याच सिलिंडरचा आहे, आणि ही माहिती कुठल्याही स्कॅनरइतकी मोलाची आहे. प्लगच्या वायरी रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा. इन्शुलेशन फुटलं असेल तर निळी ठिणगी उडताना दिसते. पावसाळ्यात दमट हवेत तर हमखास. चालू इंजिनच्या वायरीला हात मात्र लावायचा नाही.

व्हॅक्यूमचे रबरी पाइप. पंधरा-वीस वर्षांचं रबर कडक होतं आणि टोकाला तडकतं. तिथून न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि ठोका चुकतो. स्लिपवर एचसी चढतो आणि सगळे प्लगच्या मागे लागतात. गाडी आयडलिंगवर ठेवून एकेक पाइप पकडीने हलकेच चिमटा. एखादा दाबल्यावर इंजिनचा आवाज सुधारला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत व्हिडिओंमध्ये दाखवतात, पण गरम एक्सॉस्टवर तो पेट घेतो. मी करत नाही. पाइप नाना पेठेत मिळतात. जुना तुकडा बरोबर न्या, नाहीतर दोन चकरा ठरलेल्या.

तिथेच काउंटरवर "टाकीत ओता, पीयूसी पास" अशा बाटल्याही मिळतात. इंजेक्टर थोडे तुंबलेले असतील तर त्यांचा उपयोग होतोही, पण मी दुसऱ्या हिवाळ्यात दोन बाटल्या ओतल्या तेव्हा सीओ जागचा हलला नव्हता. का हलला नाही, ते आता सांगतो.

टेम्परेचरचा काटा

तिसऱ्या हिवाळ्यात कात्रजचा घाट उतरताना काटा खाली घसरताना दिसला. चढताना पाव खुणेवर होता, उतरताना जवळजवळ तळाला. इतकी वर्षं मी कौतुकाने सांगायचो की आमची गाडी कधी गरम होत नाही. घरी येऊन गार झाल्यावर थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत थर्मोस्टॅट नाहीच! नुसतं रिकामं घर आणि वर सीलंटचा गोळा.

आपल्याकडे ही जुनी गॅरेज-विद्या आहे. गाडी एकदा गरम झाली की "वॉल्व्ह काढून टाकतो, परत कटकट नको" म्हणतात आणि मालकही खूश होतो. आमच्या गाडीत ते आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी झालं असणार.

थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर तापवणं आणि मग ठरलेल्या तापमानावर, साधारण ८२ ते ८८ अंशांवर, टिकवणं. तो नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. उन्हाळ्यात बाहेर ३९-४० अंश असतात तेव्हा इंजिन कसंबसं हव्या त्या तापमानाला पोचतं. डिसेंबरच्या सकाळी पोचत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं की गाडी नुकतीच सुरू झालीय, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. जुन्या काळी आपण चोक ओढून ठेवायचो, तसंच. एवढ्या थंड इंजिनात तो धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ओटू सेन्सरचंही ऐकत नाही. आणि धूर गार असल्यामुळे कॅटही अर्धवट झोपेत. मे पास, डिसेंबर नापास, याचं सगळं उत्तर त्या रिकाम्या घरात होतं.

तपासायला सोपं आहे. गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला अधूनमधून हात लावा. पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाही लांब. पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापला तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय किंवा नाहीच. नवा बसवण्याआधी जुन्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून बघा, उकळी यायच्या आधी उघडायला हवा. मी स्वयंपाकघरातलं चालू पातेलं घेतलं होतं, त्याची भरपाई वेगळी करावी लागली.

थर्मोस्टॅट, पॅकिंग आणि नवं कूलंट मिळून खर्च हजाराच्या आसपास झाला. त्या डिसेंबरात सीओ ०.१८ आला. तेव्हापासून गाडी हिवाळ्यातही पास होतेय.

दोन सूचना. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका, वाफ तोंडावर येते. आणि थर्मोस्टॅट बसवल्यावर गाडी खरोखर गरम व्हायला लागली, तर तो काढू नका. तो काढून कुणीतरी जे लपवलं होतं ते आता दिसायला लागलंय : तुंबलेला रेडिएटर, बंद पंखा किंवा हेड गॅसकेट. थर्मोस्टॅट ठीक असूनही सीओ चढलेला असेल, तर कूलंट टेम्परेचर सेन्सर बघा. तो चुकून "थंड" सांगत असेल तर परिणाम हुबेहूब हाच होतो, फक्त काटा नॉर्मल दिसू शकतो, कारण बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो.

ओटू सेन्सर, आणि त्याच्या आधीची गळती

इथून पुढे खर्च वाढतो. ओटू सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली नाचतो. म्हातारा झाला की आळसावतो किंवा एका जागी बसतो. बघायला स्कॅनर लागतो. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, २०१० पासून बीएस-४ गाड्यांबरोबर सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीशी पाचशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर बोलेलच असं नाही. गॅरेजचा मोठा स्कॅनर लावून घ्या.

सेन्सर बदलण्याआधी मात्र एक बघा. एक्सॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं असेल किंवा पाइपाला चीर असेल, तर इंजिनच्या प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन खूप आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. सेन्सर खरं बोलतोय, पण त्याला दाखवलेलं चित्रच खोटं. शेजारच्या काकांच्या गाडीत असाच नवा सेन्सर बसला आणि सीओ होता तिथेच राहिला. शेवटी दोष निघाला मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये. गार इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात बॉनेटखाली "टिक टिक टिक" ऐकू येतं का, आणि जोडाजवळ काजळीची रेघ आहे का, हे बघा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हा सगळा प्रकार नाही. तिथे आयडल मिक्श्चरचा स्क्रू असतो आणि तो पिळून मीटरवर आकडा खाली आणता येतो. पण गॅस ॲनालायझर लावूनच तो सेट करून घ्या. नुसतं पास व्हायला फार पातळ केलेली गाडी स्वारगेटच्या सिग्नलला बंद पडते, आणि मालक घरी येऊन स्वतःच तो स्क्रू पुन्हा फिरवतो.

कॅट सगळ्यात शेवटी

गॅरेजमध्ये "कॅट गेला" हे निदान फार लवकर होतं. कॅट जातो हे खरं. पण आपण होऊन क्वचितच जातो. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जाऊन पेटतं आणि सिरॅमिकची जाळी वितळते, नाहीतर जळलेल्या ऑइलची राख तिच्यावर बसते. मूळ कारण तसंच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. आणि कॅटची किंमत बघितलीत तर ही चूक दुसऱ्यांदा करावीशी वाटणार नाही.

गार झाल्यावर कॅटच्या डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. खुळखुळला तर आतली जाळी तुटलीय. जुनी घेतलेली गाडी असेल तर आत जाळी आहे की नाही, हेही बघून घ्या. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला भाव आहे. मी पाहिलेल्या एका गाडीत बाहेरून डबा शाबूत आणि आतून नुसता पोकळ नळा निघाला.

सीएनजी किट असेल तर गाडी कुठल्या इंधनावर चालू असताना टेस्ट झाली, ते आधी विचारा. वर्षानुवर्षं सीएनजीवर पळणाऱ्या गाडीचे पेट्रोलचे इंजेक्टर चिकटून बसतात. महिन्यातून एक टाकी पेट्रोलवर चालवली तर ते टळतं.

इथे हात थांबवा

चालू गाडीवर काम करायचं तर उघड्यावर. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नको. ज्या सीओसाठी गाडी नापास झालीय त्याला वास नसतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नका, ते जोरदार मिसिंग आहे आणि कॅट त्याच प्रवासात जाऊ शकतो. पेट्रोलच्या पाइपाला किंवा इंजेक्टरच्या रेलला ओल दिसली, कूलंट सारखं कमी होतंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसतेय, निळा धूर थांबत नाहीये किंवा प्लग नवे असूनही एकच सिलिंडर मरतोय, तर गॅरेज गाठा. तिथे आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, त्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका. गंजलेल्या मॅनिफोल्डचे बोल्टही घरी सोडवू नका. एक तुटला की शंभर रुपयांच्या पॅकिंगचं काम हेड उतरवण्यावर जातं.

डिझेलवाल्यांसाठी : तिथे धूर मोजतात. जुन्या गाडीला ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचं माप), बीएस-४ ला ५०. एअर फिल्टर, ताजं ऑइल आणि हायवेची लांब फेरी, एवढं घरचं काम. त्यापुढे पंप-नोझलवाल्याकडे जा. कॉमन रेलच्या पाइपात हजार बारहून जास्त प्रेशर असतं, तो नट सैल करून बघायचा नसतो.

गॅरेजला गाडी देताना "पीयूसी करून द्या" असं सांगू नका. तसं सांगितलं की कुठूनतरी सर्टिफिकेट येतं आणि गाडी होती तशीच राहते. जुन्या स्लिपा हातात द्या, कुठल्या महिन्यात कोणता आकडा होता ते दाखवा, काय काय बदलून झालंय ते सांगा, आणि कामाआधीचं आणि नंतरचं रीडिंग मागा. काढलेले जुने पार्टही परत मागून घ्या. माझ्या गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये २०१३ पासूनच्या सगळ्या स्लिपा रबरबँड लावून ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या तीन त्या नापास डिसेंबरांच्या आहेत.